गाळ पिळायचा कसा?

दोस्तांनो, अंगातला रंगीत टी-शर्ट जरा बघा. तो कदाचित तामिळनाडूतल्या तिरुपूरचा असेल. होजिअरीसाठी हे गाव देशभर प्रसिद्ध आहे.

कापड रंगवलं की पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. तिरुपूरचं ते रंगीत, खारट पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत जात होतं. शेतीसाठी बांधलेल्या ओरतुपाळयम धरणात तेच साठलं. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला सांगितलं. पुढे, पाणी बाहेर न सोडता शुद्ध करून परत वापरायचं, या अटीवर ते सुरू झाले.

पाण्याची सोय झाली, पण त्यातून निघालेल्या गाळाचं काय?

चला, थोडं गणित करू. १०० किलो पातळ गाळात २ किलो घट्ट ऐवज आणि ९८ किलो पाणी आहे असं धरा. तो ट्रकमध्ये भरला तर आपण वाहून नेलं काय? पाणीच की! तोच गाळ पिळून त्यात पाचातला एक भाग घट्ट केला, तर उरतो फक्त १० किलो. पातळ गाळ तसाच उघड्यावर टाकला, तर पावसाबरोबर तो विहिरींपर्यंत पोचू शकतो.

पण गाळ पिळणं म्हणजे धोतर पिळणं नव्हे! कण इतके बारीक की गाळणीच्या कापडाची भोकंच बुजतात. शिवाय बहुतेक कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, जवळ म्हणून येत नाहीत. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवते ना? तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा भार धन, म्हणून कणांचं भांडण मिटतं.

कारखान्यात याच्या जोडीला पॉलिमर घालतात. पॉलिमर म्हणजे हजारो छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी. ती एका कणाला चिकटते, दुसऱ्याला, तिसऱ्याला... बघता बघता गाळाचे गोळे होतात. गोळ्यांमधल्या फटींतून पाणी वाट काढतं आणि यंत्राने दाबलं की घट्ट वडी उरते. तिला म्हणतात ‘केक’. खायचा नाही बरं का! त्यात रंग आणि रसायनं असतातच.

गंमत म्हणजे पॉलिमर जास्त झाला तरी काम बिघडतं. प्रत्येक कण साखळ्यांनी पुरता झाकला जातो, दुसरी साखळी धरायला जागाच उरत नाही आणि कण पुन्हा सुटे होतात. रंग बदलला की गाळही बदलतो. म्हणून आधी काचेच्या भांड्यांत वेगवेगळं प्रमाण घालून बघावं लागतं.

नेहमीचा पॉलिमर म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलामाइड. तो ज्या अ‍ॅक्रिलामाइडपासून बनतो, ते विषारी; आणि तयार पॉलिमरही लवकर कुजत नाही. म्हणून शास्त्रज्ञ स्टार्च, गवारीचा डिंक, कोळंबीच्या टरफलांपासून बनवलेलं कायटोसान वापरून बघताहेत. नुसता स्टार्च दुबळा पडतो, मग आंब्याचं करतात तसं त्यावर दुसऱ्या साखळ्यांचं कलम करायचं! खरगपूरच्या आयआयटीत अशा कलमी पॉलिमरवर बरंच काम झालं आहे.

घरी करून बघा : दोन ग्लासांत सारखंच चिखलपाणी घ्या. एकात तुरटी फिरवा, दहा मिनिटं थांबा. मग दोन्ही ढवळून जुन्या रुमालाच्या दोन तुकड्यांतून ओता. कुठलं पाणी आधी गळतं, ते घड्याळ लावून मोजा.