लोकगायनातील साथीची मर्यादा

दरबारी मैफलीतील साथीचे नियम घराण्यांच्या शिस्तीतून ठरत आले आहेत. चावडीवर किंवा अंगणात सहज जमणाऱ्या गायनाचे नियम मात्र कोणी सांगत नाही. ते पाळले जातात, आणि मोडले म्हणजेच जाणवतात. चंद्रपूर जिल्हा आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा या वनप्रदेशातील दोन गायनप्रकारांवरून या अलिखित मर्यादेचे स्वरूप स्पष्ट होते.

पहिला प्रकार खंजिरी भजनाचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) स्वतः खंजिरी वाजवीत भजने म्हणत. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यामुळे ही पद्धती विदर्भातील खेडोपाडी रुजली. खंजिरी गाणाऱ्याच्याच हाती असल्यामुळे लय कोणी ठरवावयाची हा प्रश्न येथे उरत नाही. टाळकऱ्याने ती उचलावयाची, पुढे रेटावयाची नाही. कडवे चालू असता टाळ दबता ठेवावा, ध्रुपद आले की मोकळा करावा. पेटीने चाल धरावी, शब्द झाकू नये. या संयमामागे केवळ सौंदर्यदृष्टी नाही. भजन हे लोकजागृतीचे साधन होते. १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूरच्या उठावामागे तुकडोजींच्या भजनांची प्रेरणा मानली जाते. त्याच महिन्यात त्यांना अटकही झाली. जेथे शब्दाला एवढे मोल आहे, तेथे तो बुडविणारी साथ भजनाचे प्रयोजनच नष्ट करते.

दुसरा प्रकार भामरागड, एटापल्ली या भागांतील माडिया गोंडांच्या रेला गीतांचा. येथे गायक आणि श्रोता हा भेद पुसट होतो, कारण हातांत हात गुंफून नाचणारेच गातात. एकाने किंवा एका गटाने ओळ म्हणावी, इतरांनी ती उचलून ‘रेला’ या शब्दावर बांधलेल्या पालुपदाने पूर्ण करावी, अशी ही रचना असते. पालुपद धरणे हे दुय्यम काम नव्हे. तेवढ्या अवधीत आरंभ करणाऱ्यास पुढील ओळ जुळविण्यास अवसर मिळतो. पालुपद घाईने घेतले तर त्याची ओळ तुटते. रेंगाळले तर पाऊल अडते. म्हणून भजनातील साथ शब्दाचे रक्षण करते, तर रेलातील साथ पुढील शब्दाला वाट करून देते, असे म्हणता येईल.

या भेदाचे महत्त्व संकलकाच्या दृष्टीने विशेष आहे. एकाच गायिकेला बाजूस बसवून गीत उतरवून घेतले, तर ओळी हाती येतात. परंतु त्या ओळी ज्या प्रतिसादाच्या आधाराने उभ्या राहतात तो गळून पडतो. असा पाठ शब्दशः अचूक असूनही अपुरा असतो. संकलकाने स्वतः टाळी किंवा ठेका धरल्यास तो लयीत भर घालतो आणि मूळ साथ झाकतो. त्याने प्रथम स्वस्थ ऐकावे, संपूर्ण समूहाचे ध्वनिमुद्रण करावे, कोणती ओळ कोणी उचलली याची नोंद ठेवावी, आणि बोलावल्याखेरीज साथीस बसू नये. साथ ही गीताची सजावट नसून त्याच्या संहितेचाच एक भाग आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून या प्रदेशातील लोकगीतांचे संपादन निर्दोष होणार नाही.