घरचा मोती, आजीचे कान

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज बोलायचं आहे आपल्या दारातल्या कुत्र्याबद्दल. तो राखण करतो, अनोळखी माणूस आला की भुंकतो, उरलेली भाकरी खातो, एवढंच त्याचं काम असं आपण धरून चालतो. पण हाच कुत्रा ऐकू न येणाऱ्या माणसाचे कान होऊ शकतो. दाराची कडी वाजली, कुकरची शिट्टी झाली, पाळण्यातलं बाळ रडलं, की जवळ येऊन नाकाने गुडघ्याला ढोसायचं आणि "चल, तिकडे काहीतरी आहे" असं सांगायचं. हे काम तो शिकतो, आणि ते आपण घरच्या घरी शिकवू शकतो.

माणसाच्या अपंगत्वात कुत्र्याची मदत घेण्याची रीत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग गावी १९१६ साली वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शाळा निघाली. पुढे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारे, दार उघडणारे कुत्रे तयार झाले. ऐकू न येणाऱ्यांसाठीही झाले. जपानने तर २००२ साली कायदा करून वाट दाखवणारा, वस्तू आणून देणारा आणि आवाज कळवणारा अशा तीनही प्रकारच्या मदतनीस कुत्र्यांना मान्यता दिली.

यातला वाट दाखवणारा कुत्रा घरी तयार करायला जाऊ नका. रस्त्यावर माणसाचा जीव त्याच्या हवाली असतो. परदेशातल्या शाळा त्यासाठी पिल्लू दीड वर्षाचं होईपर्यंत एखाद्या कुटुंबात वाढवतात, मग कित्येक महिने शिकवतात, आणि तरीही त्यातले बरेच कुत्रे नापास ठरतात. आवाज कळवणाऱ्या कुत्र्याचं काम मात्र घर-अंगणातलं आहे. त्याला उंची जात लागत नाही. गावठी कुत्रा चालतो, लहान चणीचा असला तर उत्तमच.

आधी कान तपासा

कुत्र्याकडे वळण्याआधी एक गोष्ट. घरातल्या आजीला किंवा सासूबाईंना ऐकू येईनासं झालं की आपण म्हणतो, "वय झालं." आणि विषय तिथेच संपतो. पण कधी कानात मळ घट्ट बसलेला असतो, कधी कान वाहत असतो, आणि त्यावर उपचार असतात. म्हणून आशाताईंना विचारा आणि उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या. श्रवणदोष हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. प्रमाणपत्र मिळालं तर केंद्र सरकारच्या योजनेतून श्रवणयंत्रासाठी अर्ज करता येतो. दाराची घंटा वाजताच दिवा लागेल अशी सोय गावातला वायरमनही करून देतो. कुत्रा या सगळ्याच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी कुत्रा शिकवायचा तिला विचारा. तिला कुत्र्याची भीती वाटत असेल, किंवा घरात कुत्रा फिरलेला चालत नसेल, तर हा विषय तिथेच थांबवा. तिच्या मनाविरुद्ध तिच्या गुडघ्याशी कुत्रा बसवणं ही मदत नव्हे.

आपला कुत्रा या कामाचा आहे का?

एक सोपी परीक्षा घ्या. कुत्रा निवांत असताना दहा-बारा पावलं दूर स्टीलचं ताट जमिनीवर पडू द्या. तो दचकेल, ते साहजिक आहे. पुढे काय करतो ते पाहा. थोड्या वेळात सावरून ताटाचा वास घ्यायला आला, तर तो कामाचा. खाटेखाली जाऊन थरथरत बसला आणि बाहेरच येईना, तर त्याला या कामाला लावू नका. आवाजाची भीती वाटणाऱ्याला दिवसभर आवाजाकडे धाव म्हणणं हा छळ होईल.

आधी कुणाला चावलेला, जेवताना जवळ गेलं की गुरगुरणारा, कोंबडी दिसली की सुसाट सुटणारा कुत्राही नको. आपल्याकडचे कारवानी कुत्रे देखणे आणि चपळ, पण त्यांची पैदासच सशामागे धावण्यासाठी झालेली. त्यांचं लक्ष कडीपेक्षा शिवाराकडे जास्त. कुत्रा या परीक्षेत बसला नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. राखणीला आणि मायेला तो आहेच.

पिल्लापासून सुरुवात करणार असाल तर आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नका. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे शांतपणे पाहतं, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते. ट्रॅक्टर, बँडबाजा, काठी टेकत येणारे आजोबा, शाळेची मुलं, शेळ्या हे सगळं त्याला याच काळात दाखवा. पण लसीकरण पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन दाखवा, भटके कुत्रे फिरतात तिथे खाली सोडू नका. पार्व्होसारखा आजार तिथूनच येतो.

लस, जंत आणि खाणं

माणसाच्या अंगाशी राहणाऱ्या कुत्र्याला लस नसेल तर पुढचं काहीच करू नका. पिसाळल्याचा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी त्याआधीच, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून करा. गोठ्यातल्या गुरांवर फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका, विषबाधा होते. कुत्री असेल तर नसबंदी करून घ्या, म्हणजे दर वेळी पिल्लांचा प्रश्न उभा राहणार नाही.

कुणालाही कुत्रा चावला, घरचा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टर सांगतील ती सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. दोन घेतली आणि बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही.

शिकवताना बक्षीस म्हणून खाऊ लागतो. उकडलेल्या अंड्याचे किंवा बिनमसाल्याच्या कोंबडीचे शेंगदाण्याएवढे तुकडे पुरतात. अंडं परवडत नसेल तर दुधात भिजवलेली भाकरी घ्या. हा खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करा. कांदा-लसूण घातलेला रस्सा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट त्याला अपायकारक असतात. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, त्याही देऊ नका.

शिकवायचं कसं?

समजा कुत्र्याचं नाव मोती आहे आणि आजींना ऐकू येत नाही. शिकवायला दोन माणसं हवीत. आजी आणि आवाज करणारं कुणीतरी, नात किंवा सून.

पहिला धडा, तळहाताला नाक लावणं. आजींनी आपला तळहात मोतीच्या नाकासमोर दोन बोटांवर धरायचा. तो वास घ्यायला पुढे येईल आणि नाक टेकेल. टेकताक्षणी आजींनी अंगठा उंचावून "शाब्बास"ची खूण करायची आणि खाऊ द्यायचा. तोंडाने शाब्बास म्हटलं तरी चालेल, पण खूण नेहमी हाताची ठेवा, म्हणजे बोलता न येणाऱ्या ताईंनाही हेच जमतं. एका वेळी आठ-दहा वेळा, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. मोती आपणहून हात शोधू लागला की तळहात गुडघ्यावर ठेवायचा आणि हळूहळू हात काढून घ्यायचा. आता तो गुडघ्यालाच नाक लावेल. पंजा मारायला किंवा अंगावर उडी घ्यायला शिकवू नका. म्हातारं माणूस तोल जाऊन पडतं.

दुसरा धडा, आवाज. मोती आजींच्या जवळ असताना नातीने दाराची कडी वाजवायची. कडी वाजली की लगेच आजींनी गुडघ्यावर हात ठेवायचा. मोतीने नाक लावलं की खूण आणि खाऊ. रोज असं केल्यावर काही दिवसांत हात न दाखवताही, कडी वाजताच, तो गुडघ्याकडे येईल. इथे एक नियम पाळा. खाऊ आजींच्याच हातून मिळाला पाहिजे. नातीने दिला तर मोती कडी वाजली की नातीकडे जाईल, आणि आजी तशाच बसून राहतील.

तिसरा धडा, अंतर. आधी त्याच खोलीत, मग आजी स्वयंपाकघरात आणि मोती पडवीत, मग मोती अंगणात. अंतर वाढवल्यावर तो चुकू लागला तर एक पायरी मागे या. रागावू नका, मारू नका. मार खाल्लेला कुत्रा आवाज झाला की लपायला शिकतो.

चौथा धडा, आवाजापर्यंत नेणं. मोतीने गुडघ्याला नाक लावलं की आजींनी दोन्ही हात पसरून "कुठे?" अशी खूण करायची आणि उठायचं. सुरुवातीला नातीने दाराशी उभं राहून पुन्हा कडी वाजवायची. मोती दाराशी पोचला की मागोमाग आलेल्या आजींनी तिथे खाऊ द्यायचा.

कडी पक्की झाली की मगच दुसरा आवाज घ्या. कुकरच्या शिट्टीला नाक लावून कळवलं की पुरे. मोतीला चुलीजवळ किंवा शेगडीजवळ न्यायचं नाही, उंबऱ्यापर्यंतच. तो प्रत्येक शिट्टीला कळवू लागला तर आजींना शिट्ट्या मोजताही येतील. बाळाच्या रडण्यासाठी मोबाइलवर आवाज भरून ठेवा आणि पाळण्याजवळ वाजवा. कळवल्यावर त्याने पाळण्यापासून दोन हात दूर थांबायचं. कुत्रा कितीही गुणी असला तरी बाळाजवळ त्याला एकटं सोडू नका.

आग किंवा धुराच्या गजरासाठी शाळेतले कुत्रे वेगळं शिकतात. ते माणसाला आवाजाकडे नेत नाहीत, नाक लावून तिथेच जमिनीवर आडवे होतात. "धोका आहे, बाहेर चल" असा त्याचा अर्थ. घरी इतकं शिकवलं नाही तरी चालेल, पण धोक्याकडे न्यायला चुकूनही शिकवू नका.

आवाज न होताच मोती नाक लावायला आला तर खाऊ द्यायचा नाही, नुसतं दुर्लक्ष करायचं. उलट काम पक्कं झालं म्हणून खाऊ कायमचा बंद करू नका. आपल्यालाही मजुरी थांबली तर कामावर जावंसं वाटत नाही. एक आवाज पक्का व्हायला काही आठवडे, तीन-चार आवाजांना काही महिने लागतात.

मोतीला विश्रांतीही हवी. दिवसभर साखळीला बांधून ठेवलेला कुत्रा चिडका होतो आणि चावतो. सकाळ-संध्याकाळ फिरवा, झोपेत उठवू नका, दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत ठेवा. आणि हा कुत्रा घर-अंगणापुरता आहे. घरी शिकवला म्हणून एसटीत किंवा दवाखान्यात हक्काने न्यायचा नाही.

हे काम करायचं कुणी?

रोजची वीस मिनिटं, लस, फिरवणं, साफसफाई, हे सगळं बोलता बोलता सुनेच्याच अंगावर पडतं, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आधीच वाटणी करा. फिरवणं घरातल्या पुरुषांकडे, आवाज करणं मुलांकडे, खाऊ आणि खूण आजींकडे. आजींकडे काम येतं, ही यातली मोलाची बाजू आहे. ऐकू येईनासं झालं की घरातले लोक त्या माणसाशी बोलणं कमी करतात. पाव्हणे आलेले त्यांना शेवटी कळतं, घरातला निर्णय झालेला दुसऱ्या दिवशी कळतो. मोती कडी वाजल्याचं सांगेल, पण दारात कोण आलं आणि काय म्हणालं, हे आपणच समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश सांगायला हवं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावात कमी ऐकू येणाऱ्या किती जणी आहेत आणि कुणाकुणाची कानाची तपासणी राहिली आहे, याची यादी काढा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास गावातल्या सगळ्या कुत्र्यांच्या लसीकरणासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे गटाच्या नावाने अर्ज द्या. एकेकटीने जाण्यापेक्षा गटाने गेलं तर तारीख लवकर मिळते.

आणि ज्यांच्या घरी असा मोती आहे त्यांनी आज संध्याकाळी ताटाची परीक्षा घेऊन पाहा.