उलटतपासणी

१९८९च्या नोव्हेंबरअखेरीस नोआम निसान यांनी काही संशोधकांना एक ई-मेल धाडला आणि स्वारी सुट्टीवर दक्षिण अमेरिकेला निघून गेली. इकडे शिकागो विद्यापीठात त्या ई-मेलने झोप उडवली.

प्रश्न असा : महाबलाढ्य पण बेभरवशाच्या संगणकाने दिलेलं उत्तर आपल्या तोकड्या संगणकाने तपासायचं कसं? सगळं गणित पुन्हा करायचं तर जन्म पुरायचा नाही. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ साली वाट दाखवली होती : उत्तर देणाऱ्याला प्रश्न विचारत राहा, तेही नाणेफेक करून. पण यातून फार काही साधेल अशी आशा कमीच होती. लान्स फोर्टनाऊ यांनी तर मायकेल सिप्सरसोबत उलट इशारा देणारा निष्कर्षच मांडला होता. आणि गंमत बघा, आता तेच या कामाला जुंपले!

ई-मेलमधल्या निसानच्या युक्तीला एकमेकांशी बोलू न शकणारे अनेक उत्तरदाते लागत. विद्यार्थिदशेतला कार्स्टन लुंड, फोर्टनाऊ आणि हॉवर्ड कार्लोफ यांनी डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते एकावर आणले.

युक्ती उलटतपासणीची. एका सूत्राच्या चलांत शून्य-एकच्या असंख्य जोडण्या घालून येणाऱ्या किमतींच्या बेरजेचा दावा समोर आहे. तपासनीस म्हणतो, पहिलं चल मोकळं ठेव, बाकीची बेरीज करून बहुपदी दे. तिच्यात ० आणि १ घालून येणाऱ्या किमतींची बेरीज दाव्याशी जुळायला हवी. दावाच खोटा असेल तर जुळवण्यासाठी बहुपदीही खोटी द्यावी लागते. मग तपासनीस मनाला येईल तो आकडा फेकतो, समजा ५८, आणि म्हणतो, इथली किंमत सिद्ध कर. १०१ने भागून उरणाऱ्या बाकीचं अंकगणित असेल, तर दोन वेगळ्या त्रिघाती बहुपदी १०१पैकी फार तर ३ ठिकाणी जुळतात. एवढं नशीब नसेल तर एक खोटं लपवायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. शेवटच्या फेरीत सगळ्या चलांना आकडे मिळालेले असतात. तपासनीस ते स्वतः सूत्रात घालतो आणि चोरी उघडी पडते.

२६ डिसेंबरला आदि शमीर यांनी कळस चढवला. वेळ कितीही लागो, बेताच्या स्मृतीत जे जे सोडवता येतं, ते सगळं असं तपासता येतं!

एक अडचण उरली : खरं बोलणाऱ्यालाही हे पुरावे देण्यासाठी जवळजवळ दैवी ताकद लागे. २००८ साली गोल्डवासर, कलाई आणि रोथब्लम यांनी बऱ्याच गणनांसाठी ती अट काढून टाकली; भाड्याच्या संगणकालाही झेपतील असे पुरावे निघाले. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी हॅरी पॉटरमधले ‘मगल’ घातले, म्हणजे जादू न येणारी माणसं.