चिंचोक्यांचा डाव

दक्षिणद्वार होऊन गेलं होतं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी उत्तरेच्या दारानं नरसोबाच्या वाडीच्या देवळात शिरलं, पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं आणि तरी चढतच राहिलं. वीज गेलेली. आम्ही चौघांनी माडीवर कंदिलाच्या उजेडात तीन पत्ती मांडली. वाडीत पैसे लावून पत्ते नाहीत, हा आजीचा कायदा. म्हणून प्रत्येकी पन्नास चिंचोके.

अण्णाकाका पत्ते छातीशी धरून फक्त कोपरा उचकटायचे. जोडी नसली की पॅक, म्हणजे पत्ते टाकून मोकळे. 52 पत्त्यांतून तीन पानांच्या 22,100 जुळण्या होतात; त्यांतल्या 16,440 जुळण्यांत जोडी किंवा तिच्याहून वरचं काहीच नसतं. म्हणजे जोडीची वाट बघणारा चारांतले जवळजवळ तीन डाव नुसतं बूट, म्हणजे डावाआधी प्रत्येकानं टाकायचा चिंचोका, देऊन सोडतो. आणि जोडी लागून त्यांनी चाल केली, की आम्ही पळायचो. त्यांच्या चांगल्या पानांनाही मग बुटापलीकडे काही मिळत नसे.

पोकरमध्ये अशा खेळाडूला ‘टाइट’ म्हणतात. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो बोटींवर त्याला हुसकावायला मोठ्या रकमा पुढे लोटता येतात. इथं तेवढ्याची गरजच नव्हती. बूट चौघांचं मिळून चार चिंचोक्यांचं, ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता केलेली, चाल एकाची. एक लावून चार मिळणार असतील, तर पाचांतला एक डाव साधला तरी बरोबरी होते. समोरचे तिघंही काकांसारखे असते, तर दहांतले चार डाव मला जागेवरच सुटले असते. पण चुलतभाऊ काहीही घेऊन बसायचे. म्हणून ते दोघे पॅक झाले, मागे एकटे काका राहिले, की मी पत्ते न बघताच एक चिंचोका सरकवायचो. काका कोपरा बघायचे, पत्ते टाकायचे. तीन चिंचोके नफा.

दहा-बारा डाव असेच गेले आणि मला चटक लागली. मग एकदा काकांनी पत्ते टाकलेच नाहीत. माझ्या एकावर चार लावले. मी पत्ते उघडून पाहिले: राण्यांची जोडी. एरवी उत्तम पान. पण जो माणूस जोडीशिवाय बसतच नाही, तो आपणहून वाढवतोय म्हटल्यावर राण्या कसल्या पुरणार? तरी मी चार टाकले. त्यांनी आठ. मी आठ देऊन शो मागितला.

तीन सत्त्या.

बुटासकट चौदा चिंचोके गेले. जवळजवळ पाच चोऱ्यांची कमाई एका हट्टापायी.

“चोरतोयस ते दिसत होतं रे,” काका चिंचोके ओढून घेत म्हणाले, “पण एका चिंचोक्यासाठी कोण भांडणार?”

सगळी मेख तिथंच होती. त्यांचं नुकसान प्रत्येक वेळी सोडून देण्याइतकंच लहान असे.

पुन्हा पानं पडली. भाऊ पॅक झाले. मी न बघता एक चिंचोका सरकवला. काकांनी कोपरा उचकटला, माझ्याकडे बघून हसले आणि पत्ते टाकले.