शॉवरचं पॅनेल लावताय? आधी भिंतीच्या आत काय आहे ते बघा

रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी मुस्लिम कुटुंबं आता इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. तिथे घराची डागडुजी काढली की पहिला फरक जाणवतो तो भिंतीचा. आपल्या गावच्या घराची भिंत चिऱ्याची, भरीव. तिकडे आतल्या बऱ्याच भिंती पोकळ असतात. लाकडाच्या उभ्या पट्ट्या, मधल्या जागेत इन्सुलेशनची लोकर आणि वरून प्लास्टरबोर्ड. हिला स्टड वॉल म्हणतात.

अशा भिंतीवर टाइल्सऐवजी मोठी वॉटरप्रूफ पॅनेल लावायची पद्धत आता रुळली आहे. दोन-तीन पॅनेलमध्ये शॉवरचा कोपरा झाकला जातो, घासायला ग्राउटच्या रेषा राहत नाहीत. पण पॅनेल वॉटरप्रूफ आहे म्हणजे भिंत वॉटरप्रूफ झाली, असं समजू नका. पाणी पॅनेलमधून जात नाही, ते जोडातून आणि कडेतून जातं.

चिऱ्याची भिंत भिजली तर निदान डाग दिसतो. स्टड वॉलमध्ये पाणी शिरलं तर बाहेरून काहीच कळत नाही. आत लोकर ओली राहते, ऊब धरत नाही, लाकूड कुजतं, बुरशी वाढते. घरात दम्याचं मूल असेल तर ही बुरशी जास्तच त्रासदायक.

भिंत बंद करण्याआधी

शॉवरच्या जागी साधा प्लास्टरबोर्ड नको. ओलावा सोसणारा बोर्ड (तिकडे तो हिरव्या रंगाचा मिळतो) किंवा सिमेंट बोर्ड घ्या. आतल्या पाइपांत दाबाने पाणी सोडून गळती तपासा. लोकर दाबून कोंबू नका, दबलेली लोकर थंडी नीट अडवत नाही. भिंत घराच्या बाहेरच्या बाजूची असेल, तर बाष्प अडवणारा थर लोकरीच्या उबदार, म्हणजे खोलीकडच्या बाजूला हवा.

शॉवरचा दांडा, बसायची सीट, टॉयलेटजवळचा हँड शॉवर, म्हाताऱ्या अम्मी-अब्बांना वजू करताना पाय उचलला की धरायला लागणारा दांडा, हे सगळं नुसत्या पॅनेलवर किंवा बोर्डवर टिकत नाही. त्या जागी उभ्या पट्ट्यांच्या मध्ये आडवं लाकूड आधीच ठोकून घ्या. मग टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे ड्रिल करताना पाइप कुठे, लाकूड कुठे, ते नेमकं कळेल.

पॅनेल लावताना

आधी ट्रे, मग पॅनेल. ट्रे पक्का बसवून त्याची भिंतीकडची कड सिलिकॉनने बंद करा आणि पॅनेल त्याच्या वर उतरू द्या. खाली थोडी फट ठेवून तीही सिलिकॉनने भरा. प्लायवूडच्या पॅनेलची प्रत्येक कापलेली कड आणि नळासाठी पाडलेलं भोक सील केलंच पाहिजे, नाहीतर प्लाय पाणी पिऊन फुगतं. गोंद पॅनेल बनवणाऱ्याने सांगितलेलाच वापरा. सॉल्व्हंटचा गोंद पीव्हीसीचं नुकसान करू शकतो. कोपऱ्याच्या पट्टीत पॅनेल सरकवण्याआधी खाचेत सिलिकॉन भरा. वरून नुसती रेघ ओढून भागत नाही. त्यानंतर साधारण 24 तास शॉवर बंद ठेवा.

वाफ बाहेर जाऊ द्या

पॅनेल ओलावा शोषत नाही, म्हणून वाफ छताकडे आणि खिडकीकडे वळते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत बाथरूममध्ये लागेल तेव्हा चालवायच्या पंख्याने सेकंदाला किमान 15 लिटर हवा बाहेर टाकावी, असं आहे. आंघोळीनंतरही तो थोडा वेळ चालू ठेवा.

काम ठेकेदाराला दिलं असेल, तर त्याला एवढंच सांगा: "भिंत बंद करण्याआधी मला बोलवा." पॅनेल लागल्यावर आतलं काही बघायचं म्हणजे सगळं उचकटायचं. ती दहा मिनिटं तिथे उभं राहणं पुढचा मोठा खर्च वाचवतं.