पन्हाळ्याला वेढा पडलाय, काय करता?

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूर जिल्ह्यात गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. दगड, विटा, पोती, वर चिखलाचा लेप, त्यात पेरलेली मोहरी आणि बुरुजाबुरुजावर मावळे. पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीसारख्या गावात तर खरा पन्हाळगडही जवळच. पण किल्ला बांधून झाला की मुलं पुढे तो फक्त राखत बसतात. त्याच किल्ल्याभोवती चार-पाच जणांनी बसावं, प्रत्येकानं गडावरचं एकेक माणूस व्हावं आणि एकानं विचारावं, 'पाऊस थांबत नाही, कोठारातलं धान्य आटत चाललंय, काय करता?' इथून जो खेळ सुरू होतो, त्याला जगभर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला गेम मास्टर.

या खेळाचं मूळ लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा सराव करण्याची पद्धत पक्की केली. दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा एक पंच त्यात असे. पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनानीनं नियमांचं ओझं उतरवलं आणि बराचसा निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपवला. आजचा गेम मास्टर त्या पंचाचा वारस आहे.

अमेरिकेत १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली यानं असाच एक युद्धखेळ मांडला, पण प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी गावातली एक व्यक्ती दिली. सगळे आपापल्या उद्योगाला लागले. दोघांनी तर परस्पर द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, आणि त्यासाठी वेस्लीकडे नियमच नव्हता. प्रयोग फसला असं त्याला वाटलं. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. वेस्लीच्याच खेळमंडळातल्या डेव्ह आर्नेसननं गॅरी गायगॅक्ससोबत १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची होती.

द्वंद्वाचा तो प्रसंग प्रत्येक नव्या गेम मास्टरनं ध्यानात ठेवावा. खेळाडू ठरलेल्या वाटेनं जात नाहीत, आणि खेळाचा जीव तिथेच असतो.

म्हणून तयारी गोष्टीची करू नये, परिस्थितीची करावी. पन्हाळ्याचाच वेढा घेऊ. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा फास गडाभोवती आवळलेला होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ घेऊन त्याच्या मदतीला आले. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला नाही. जुलैतल्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांचं बलिदान इथल्या पोरासोरांना पाठ आहे. आता शेवट सगळ्यांना ठाऊक असलेला हा प्रसंग खेळायचा कसा?

उत्तर असं, की महाराजांची भूमिका कुणालाच द्यायची नाही. त्यांच्या तोंडी आपण संवाद रचू नयेत; त्यांचा हुकूम फक्त किल्लेदाराच्या माणसाकरवी यावा. खेळाडूंनी व्हावं बखरीत नाव नसलेली माणसं: पाणी वाहणारा पखालजी, घोड्यांचा मोतद्दार, झाडपाला जाणणारी वैदूबाई, तटबंदीची डागडुजी करणारा बेलदार. काम एकच, वेढ्यातली ढिली जागा शोधून अमावास्येच्या आत बातमी वर आणायची. ती कशी आणायची, हे गेम मास्टरनं ठरवलेलं नसावं. त्यानं एवढंच लिहून ठेवावं, की गडावर आणि छावणीत कोणाला काय हवंय आणि खेळाडूंनी काहीच केलं नाही तर तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी काय घडेल. शिवाय त्या काळाला शोभतील अशी दहा-बारा नावं कागदावर तयार असावीत. ऐन वेळी भेटलेल्या पहारेकऱ्याला नाव सुचत नाही आणि खेळ अडतो, हे हमखास होतं.

माहिती लपवताना हात सैल ठेवावा. अमेरिकी लेखक जस्टिन अलेक्झांडर यांचा एक नियम फार उपयोगाचा आहे: खेळाडूंनी जे निष्कर्ष काढायलाच हवेत, त्या प्रत्येकासाठी किमान तीन खुणा पेराव्यात. पहिली त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरी कामी येते. ढिली जागा कळायला हवी असेल, तर एका बाजूच्या शेकोट्या पावसात विझलेल्या दिसाव्यात, एका म्हाताऱ्या गुराख्याला जुनी पायवाट आठवावी आणि छावणीतला वैरणवाला 'त्या अंगाला कोण जातंय चिखलात' असं बोलून जावा.

फाशांचा मोह आवरणं हेही कौशल्यच. मोतद्दारानं घोड्याला चारा घालायला फासा कशाला टाकायचा? जिथे यश आणि अपयश दोन्हीतून पुढे काहीतरी घडणार आहे, तिथेच फासे काढावेत. लुडोचे दोन फासे पुरतात. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० च्या खेळानं रूढ केलेली रीत सोपी आहे: बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण किंमत मोजावी लागते, ६ किंवा कमी आली तर संकट. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ मध्ये पूर्ण यश, १५ मध्ये किंमत मोजून यश आणि १५ मध्ये संकट असा हिशेब पडतो. वैदूबाईला औषधाच्या कामात एक गुण जादा दिला, की संकटाच्या शक्यता १५ वरून १० वर येतात. एका गुणाचं वजन एवढं असतं, म्हणून ते वाटताना हात आखडता ठेवावा.

अपयश म्हणजे भिंत मात्र होऊ नये. बेलदार तटावरून उतरताना ६ पडले, तर 'जमलं नाही' म्हणून थांबण्यात काही मजा नाही. तो उतरतो, पण दोर वर अडकून राहतो आणि उजाडल्यावर तो कुणालाही दिसणार असतो. आता टेबलाभोवतीचे सगळेच पुढे सरकून बसतात.

असं ऐन वेळी रचण्याचं, गेम मास्टरला सर्वांत जास्त उपयोगी पडेल असं शिक्षण घाट उतरून गेलं की सिंधुदुर्गात मिळतं. दशावतारी नाटकाला पारंपरिक लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी कथानक आणि प्रवेशांचा क्रम ठरतो, संवाद मात्र नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. समोरचा काय बोलला हे कान देऊन ऐकल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. गेम मास्टर होऊ पाहणाऱ्यानं एखाद्या जत्रेत रात्रभर बसून हे नाटक जरूर पाहावं. एकानं टाकलेला शब्द दुसरा कसा उचलतो, प्रवेश लांबला तर तो कसा आवरतात, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. बोलण्याइतकंच ऐकण्याचं हे काम आहे आणि नवखे गेम मास्टर बहुतेक वेळा तिथेच कमी पडतात: स्वतःचं वर्णन लांबवतात, खेळाडू ताटकळतात. दोन-तीन वाक्यांत जागा उभी करावी, ओल्या घोंगडीचा वास, धुक्यात पलीकडून येणारा खोकला, आणि लगेच विचारावं, 'काय करता?'

प्रश्न सगळ्यांनाच गेला पाहिजे. चार जणांत एक बोलका असतो आणि एक गप्प. गप्प बसलेल्याला 'तू पण बोल की' म्हणून कोंडीत धरू नये. त्याच्या पात्राला हाक मारावी. 'पखालजी, छावणीतला एक शिपाई तुझ्याकडेच बघतोय.' एवढ्यानं काम होतं.

खेळ सुरू होण्याआधी पाच मिनिटं मोकळेपणानं बोलून घेणं फार गरजेचं आहे. काय खेळायचं, किती रक्तपात चालेल, कोणता विषय नको. कुणाच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असतं, आणि मरणाचं तपशीलवार वर्णन त्याला सोसत नाही. न्यूयॉर्कच्या जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी त्यासाठी सोपी सोय काढली: फुली मारलेलं एक कार्ड टेबलावर ठेवायचं. कुणीही त्याला बोट लावलं की तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. जातीवरून किंवा धर्मावरून कुणाला टोचणारे संवाद ऐतिहासिक खेळात सहज शिरतात, म्हणून आपल्याकडे ही काळजी जास्तच घ्यायला हवी.

नियमावरून वाद झाला तर गेम मास्टरनं लगेच निर्णय द्यावा आणि पुस्तक खेळ संपल्यावर उघडावं. पुस्तक हवंच असेल, तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे पायाभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुले आहेत. ते इंग्रजीत आहेत. एकानं वाचले आणि बाकीच्यांनी कोल्हापुरी बोलीत खेळले तरी चालतात.

पहिली बैठक अडीच-तीन तासांची पुरे. उठण्याआधी प्रत्येकाला विचारावं, तुझं माणूस उद्या काय करणार आहे? मोतद्दार म्हणाला, इंग्रजांच्या तोफेची दारू भिजवतो, तर पुढच्या वेळेसाठी तोफखान्याचा नकाशा, दोन गोलंदाज आणि एक दुभाषा एवढंच तयार ठेवायचं.