स्वयंसेवकही दिव्यांग असतो

इंदुरात विद्यार्थ्यांची स्वयंसेवा म्हटलं की हातात झाडू, डोक्यावर टोपी आणि बडा गणपतीकडून राजवाड्याकडे निघालेली फेरी डोळ्यांपुढे येते. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलेलं हे शहर (2023 साली सुरतेबरोबर). सेवा म्हणजे रस्त्यावरचं काम असं इथे वाटणारच. मल्हारगंजमधल्या एखाद्या शाळेने किंवा कॉलेजने उद्या स्वयंसेवकांसाठी मोबाइल अॅप करायचं ठरवलं, तर पहिला आराखडा काय निघेल हे सांगायला ज्योतिषी नको. कामांची यादी, हजेरीसाठी सेल्फी, शेवटी प्रमाणपत्र. आणि दिव्यांगांसाठी एक वेगळा कप्पा, वर पाटी 'मदत हवी आहे'.

सगळ्यात मोठा गैरसमज त्या कप्प्यातच बसलाय. दिव्यांग विद्यार्थी मदत घेणार, बाकीचे देणार, अशी वाटणी आधीच करून टाकलेली असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात अंधत्व, बहिरेपण आहेच, पण थॅलेसीमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, अध्ययन अक्षमता असे चटकन नजरेला न येणारेही आहेत. सिकल सेल असलेली मुलगी मे महिन्याच्या उन्हात सर्वेक्षणाला दारोदार फिरू शकणार नाही कदाचित, पण एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना रोज फोन करून औषधाची आठवण ती नक्की देईल. ज्या अंध मुलाला परीक्षेत लेखनिक लागतो, तोच सुट्टीत लहान मुलांना इंग्रजी शिकवू शकतो. म्हणजे एकच माणूस, एकच खातं; त्याने आज मदत मागावी, उद्या करावी. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास द्यावेत हा तिचा नियम. हे तास झाडू मारूनच भरले पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही.

मग नोंदणीच्या पहिल्याच पडद्यावर 'तुम्ही दिव्यांग आहात का? प्रकार निवडा' हे विचारायची घाई कशाला? विद्यार्थ्याचं शरीर तपासण्याऐवजी कामाचं वर्णन नीट करावं. दोन जिने चढायचे आहेत, लिफ्ट नाही. तीन तास उभं राहायचं. लाउडस्पीकर असेल. स्वच्छतागृह तळमजल्यावर. एवढं लिहिलं की ज्याचं तो ठरवतो. याचा फायदा पाय मुरगळलेल्या धडधाकट मुलालाही होतो आणि पाळी चालू असलेल्या मुलीलाही.

लेखनिकाच्या मागणीत मात्र तपशील लागतातच: परीक्षेची भाषा, विषय, इयत्ता आणि वेळ. लेखनिक सहसा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो आणि परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. अॅपने लेखनिकाला 'तीन तास' सांगितले, तर तो पुढची शिकवणी ठरवून बसतो आणि ऐन पेपरात चुळबुळ करतो.

दुसरा गैरसमज तंत्रज्ञांचा लाडका: फोनमध्ये टॉकबॅक आहेच की, अंध मुलं चालवतील. अँड्रॉइडमधला टॉकबॅक पडदा वाचून दाखवतो हे खरं. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची वस्तू ऐकू येते, दोनदा टकटक केली की ती निवडली जाते. पण तो वाचणार काय, तर अॅप बनवणाऱ्याने आत लिहून ठेवलेलं नाव. हृदयाचं चित्र, बाणाचं चित्र, तीन रेघा यांना नाव दिलंच नसेल, तर बहुतेकदा कानावर पडतं नुसतं 'बटन', 'बटन', 'बटन'. त्यातलं एक 'सहभागी व्हा' आणि एक 'खातं काढून टाका'. दाबा बघू.

सूचनांचंही तेच. उद्याच्या कामाची माहिती रंगीत पोस्टर करून चित्रस्वरूपात टाकायची आपली सवय. पोस्टरवरचा मजकूर शेजारी साध्या अक्षरांत दिला नाही, तर टॉकबॅकवर विसंबणाऱ्याला त्यातली वेळही धड कळेलच असं नाही. कृतीदेव फाँटमध्ये टाइप केलेली पीडीएफ तर आणखी गंमत करते: डोळ्यांना हिंदी दिसते, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते आणि आवाज तीच बडबडतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा.

'अॅप हिंदीत केलं, संपलं' असंही म्हणतात. अक्षर मोठं करून बघितलं की कळतं काय संपलंय ते. कमी दिसणारा मुलगा फोनमधलं अक्षर दुप्पट करतो. मग इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत वरची वेलांटी नि रफार कापले जातात, खालचा उकार गायब होतो आणि 'नोंदणी करा'च्या बटनावर 'नोंद…' एवढंच उरतं. रंगाबद्दल फार बोलायला नको: 'जागा आहे' हिरव्यात आणि 'जागा भरली' लाल रंगात, एवढ्यावर भागवू नका, शब्दही लिहा. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5:1 इतका फरक हवा. फिक्या राखाडी अक्षरांची फॅशन तिथेच बाद होते, आणि भर दुपारी रस्त्यावर उभं राहून स्वस्त फोन बघणारा कुणीही त्याबद्दल दुवा देईल.

हजेरीच्या सेल्फीमुळे लबाडी थांबते हा समज मला मुळातच पटत नाही. चेहरा गोलात बसवा, असं अंध मुलाला सांगायचं कसं? जुन्या वस्तीतल्या दाट गल्लीबोळांत जीपीएसचा ठिपकाही भलत्याच घरावर बसू शकतो. कार्यक्रम अधिकाऱ्याने जागेवर सांगितलेला चार आकडी क्रमांक पुरतो. कर्णबधिरांसाठी तो फळ्यावर लिहावा. शिवाय अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, काही अपवाद सोडले तर, अशांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. पण तोवर थांबायचं कशाला?

'आमची संस्था खासगी, आम्हाला हे लागू नाही' हेही खरं नाही. 2016 च्या कायद्यात सेवा सुलभ करण्याचं बंधन सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवादात्यांवर आहे. आयएस 17802 हे डिजिटल सुलभतेचं भारतीय मानकही तयार आहे. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

राहता राहिला खर्च. सुरुवातीपासून बटनांना नावं देत गेलं तर तो किरकोळ असतो. अॅप तयार झाल्यावर पुन्हा उकलायला घेतलं की वाढतो. गूगलचं मोफत अॅक्सेसिबिलिटी स्कॅनर नाव नसलेली बटनं, फिकी अक्षरं, बोटाला न सापडणारी ठिकाणं पकडून देतं. पण कुणी बटनाला काहीतरी निरर्थक नाव दिलं, तर ते बहुधा खुशाल पुढे जाऊ देतं. ती चूक पकडायला रोज टॉकबॅक वापरणारा विद्यार्थीच लागतो, आणि त्याला 'फुकट बघून दे' म्हणणं बरं नव्हे. हे कसबाचं काम आहे, मानधनाचं आहे. अॅप बनवणाऱ्याच्या कोटेशनमध्ये त्या मानधनाची ओळ नसेल, तर सही करण्याआधी ती घालून घ्यावी.